महाबळेश्वर की पाचगणी? डोंगरावर घर शोधणाऱ्यांचा दोनशे वर्षांचा इतिहास

एप्रिल महिना, सोलापूर, दुपारचे तीन. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी नळाला हात लावू देत नव्हतं. त्यात गाईडचा फोन आला, "फील्डवर्कचा पट्टा नक्की झाला. महाबळेश्वर, पाचगणी, वाई. जूनच्या आधी राहायची सोय बघून घे." सोलापूरच्या उन्हाळ्यात कुणी तुम्हाला महाबळेश्वरला राहायला जा म्हणून सांगतंय, आणि तेही फेलोशिपच्या पैशात! त्याच आठवड्यात मी एस.टी. पकडली. बाजारपेठेपासून जरा बाजूला एक खोली पाहिली. पश्चिमेकडे मोठी खिडकी, समोर दरी, संध्याकाळी शाल घ्यावी लागेल असा वारा. पंखाच नव्हता, लागतच नव्हता. मी तिथल्या तिथे दोन महिन्यांचं भाडं आगाऊ देऊन टाकलं आणि आईला फोन करून फुशारकी मारली.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात त्याच खोलीत मी रडत बसले होते.

आधी माझा विषय सांगते, म्हणजे रडायचं कारण कळेल. मी दगडफुलावर काम करते. हो, आपल्या काळ्या मसाल्यात पडतं तेच. शास्त्रात त्याला लायकेन म्हणतात. बुरशी आणि शेवाळ यांनी मिळून थाटलेला हा संसार झाडाच्या सालीवर, दगडावर वर्षानुवर्षं सावकाश वाढत राहतो. पाऊस कमी-जास्त झाला की दगडफुलाच्या कोणत्या जाती टिकतात आणि कोणत्या गळतात, हा माझा प्रश्न. नमुना गोळा केला की तो कागदी पाकिटात ठेवून खडखडीत वाळवायचा असतो. माझ्या त्या सुंदर खोलीत जुलैमध्ये काहीच वाळत नव्हतं. हवेतली आर्द्रता जवळजवळ शंभर टक्के, दिवसचे दिवस धुकं खोलीतून आरपार चाललेलं, वीज येऊन-जाऊन. टॉवेल वाळेना, गादी ओली, आणि माझ्या पाकिटांवर पांढरी बुरशी. जूनमध्ये गोळा केलेले सगळे नमुने फेकावे लागले. बुरशीचा अभ्यास करणारीचे नमुने बुरशीनेच खाल्ले, यावर आता हसू येतं. तेव्हा येत नव्हतं.

खोलीच्या मालकांना फोन लावला. ते म्हणाले, "ताई, पावसाळ्यात आम्हीच तिथे नसतो. आम्ही वाईला असतो." मी म्हटलं, मग मला सांगितलं का नाही? "तुम्ही विचारलं नाही. तुम्ही एप्रिलमध्ये आलात आणि म्हणालात, हवा किती छान आहे."

माणूस खोटं बोलला नव्हता. मीच चुकीच्या महिन्यात बरोबर प्रश्न विचारला होता, की बरोबर महिन्यात चुकीचा, ते मला अजून ठरवता येत नाही. पण त्यानंतर संध्याकाळी वीज असली की मी एकच गोष्ट वाचू लागले. माझ्या आधी या डोंगरावर राहायला आलेल्या लोकांनी जागा कशी निवडली? मी विज्ञानाची विद्यार्थिनी, इतिहास शेवटचा वाचला तो दहावीत. पण हे वाचन माझ्या थिसिसच्या पहिल्या प्रकरणात शिरलं, म्हणून आज तुमच्यापुढे मांडते.

आधी जरा भूगोल, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण ४६० मीटरवर आहे, महाबळेश्वर १३७० मीटरच्या आसपास. दर किलोमीटर उंचीला सरासरी साडेसहा अंश तापमान उतरतं हे तुम्ही शाळेत शिकलात. म्हणजे नऊशे मीटरच्या फरकाला सहा अंश. पण मे महिन्यात दोन्हीकडच्या दुपारच्या तापमानात दहा-अकरा अंशांचा फरक दिसतो. वरचे चार-पाच अंश आले कुठून? मुख्यतः अरबी समुद्रावरून कोकण ओलांडून कड्यावर चढणाऱ्या वाऱ्यातून. महाबळेश्वर नुसतं उंच नाही, ते पठाराच्या पश्चिम टोकाला, समुद्राकडे तोंड करून बसलेलं आहे. उन्हाळ्यात जो वारा सुख देतो, तोच जूननंतर पाणी घेऊन येतो. कोकणातून आलेली दमट हवा थोड्याशा अंतरात हजार मीटरहून जास्त वर ढकलली जाते, थंड होते आणि रिकामी होते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून पूर्वेला रस्त्याने एकोणीसेक किलोमीटरवर पाचगणी, उंचीत फारसा फरक नाही, १३०० मीटरच्या घरात. तिथे पाऊस अठराशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे एक तृतीयांश. आणखी बारा किलोमीटरवर, घाट उतरून वाई. तिथला पाऊस आपल्या सोलापूरच्या पंगतीला बसतो, सातशेच्या आसपास. एका दुपारच्या एस.टी. प्रवासात तुम्ही चेरापुंजीच्या धाकट्या बहिणीकडून दुष्काळी पट्ट्याच्या उंबऱ्यावर येता. पर्जन्यछाया हा शब्द पाठ करण्यापेक्षा हा प्रवास एकदा करा. खिडकीची जागा मिळाली तर झाडांच्या खोडांकडे बघा. खोडं हिरवी-राखाडी झुपकेदार असतात ती उघडी होत जातात. माझा सगळा थिसिस त्या खिडकीत आहे.

आता इतिहास. ब्रिटिश नोंदींप्रमाणे या पठारावर पहिला युरोपियन चढला तो १८२४ मध्ये, कर्नल लॉडविक. तेव्हा तो साताऱ्याच्या फौजेत होता. लॉडविक पॉइंट त्याच्याच नावाचा. मुंबई इलाख्यातल्या इंग्रजांची त्या वेळची अडचण समजून घ्या. मुंबईत आणि दख्खनच्या छावण्यांत गोरे शिपाई तापाने, आमांशाने मरत होते. जंतू अजून कुणाला माहीत नव्हते. रोग खराब हवेतून येतो, सखल, दमट, कुजट जागेतून वाफा उठतात आणि माणूस आजारी पडतो, अशी डॉक्टरांची समजूत. त्यामुळे औषध म्हणजे हवापालट. ज्याला परवडेल तो जहाजाने केप ऑफ गुड होपला किंवा थेट विलायतेला जायचा. साताऱ्याहून घोड्यावर गाठता येईल असं थंड पठार सापडणं म्हणजे दवाखाना सापडण्यासारखं होतं.

साताऱ्याचे रेसिडेंट ब्रिग्ज यांनी छत्रपती प्रतापसिंह महाराजांकडून वर जाण्याचा रस्ता करवून घेतला. १८२८ मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी मनावर घेतलं आणि १८२९ मध्ये करार झाला. महाराजांनी डोंगरावरची जमीन द्यायची, बदल्यात कंपनीने वाई भागातलं खंडाळा गाव द्यायचं. (हे खंडाळा लोणावळ्याजवळचं नव्हे, साताऱ्याचं. परीक्षेत हमखास घोटाळा होतो.) नव्या वस्तीला नाव पडलं माल्कम पेठ. रस्ता महाराजांचा, जमीन महाराजांची, नाव माल्कमचं. पुढे दहा वर्षांनी, १८३९ मध्ये, त्याच कंपनी सरकारने प्रतापसिंहांना गादीवरून उतरवून काशीला धाडलं. महाबळेश्वरच्या बहुतेक माहितीपत्रकांत करार असतो, हे वाक्य नसतं.

माल्कम पेठेची जागा ज्या प्रश्नाला उत्तर म्हणून निवडली गेली तो प्रश्न होता, 'उन्हाळ्यात मुंबई-पुण्याच्या माणसाची तब्येत कुठे सुधारेल?' त्या प्रश्नाचं ते उत्तम उत्तर आहे, आजही. पश्चिमेचे कडे, समुद्राचा वारा, सूर्यास्त दिसणारे पॉइंट. पण 'बारा महिने कुठे राहता येईल?' असा प्रश्न नव्हताच. त्यामुळे दरवर्षी जूनच्या मध्यावर पूर्ण गाव बंद व्हायचं. बंगल्यांच्या भिंती बाहेरून गवताने शाकारायच्या, नाहीतर पाणी भिंतीतून आत. सामान उतरवायचं, दारं ठोकून घ्यायची, आणि साहेब, खानसामे, दुकानदार सगळे खाली. दसरा-दिवाळीच्या सुमारास पुन्हा वर. गवताने भिंती झाकायची रीत माझ्या मालकांच्या वडिलांच्या वेळेपर्यंत घरोघर होती, आता निळं-काळं प्लास्टिक दिसतं. मी जूनमध्ये ते प्लास्टिक लागताना पाहिलं होतं. मला वाटलं, रंगकाम चाललं असेल!

मुंबई सरकारचं वर्षसुद्धा याच वेळापत्रकावर फिरायचं. हिवाळ्यात गव्हर्नर मुंबईत, उन्हाळा चढला की महाबळेश्वरला, आणि पाऊस लागला की पुण्याला. पावसाळ्यातल्या मुक्कामासाठी १८६० च्या दशकात बार्टल फ्रियर यांच्या काळात गणेशखिंडीत जो वाडा बांधायला घेतला, ती आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. तुमच्यापैकी कितीतरी जण त्या इमारतीपुढे सेल्फी काढून आले असतील. ती मुळात 'महाबळेश्वरला पावसाळ्यात राहता येत नाही' या वाक्याची दगडी आवृत्ती आहे. मी तिथे कामासाठी गेले तेव्हा हे मला माहीत नव्हतं. आता जाते तेव्हा जरा राग येतो. इतकं मोठं उत्तर समोर उभं होतं आणि मी एप्रिलमध्ये खोली घेतली.

महाबळेश्वरच्या निवडीत आणखीही काही गोष्टी घडल्या, त्या भराभर सांगते. १८३० च्या दशकात तिथे चिनी आणि मलायी कैद्यांचा तुरुंग होता. बटाटा आणि विलायती भाजीपाला तिथे रुजवण्यात त्या कैद्यांचा मोठा हात. लिंगमळ्याला सरकारने सिंकोना, म्हणजे क्विनाइनचं झाड, लावून पाहिलं. ते फसलं. चार महिने बदाबदा पाऊस आणि आठ महिने कोरडं, हे त्या झाडाला मानवलं नाही. माणसाला जसं घर निवडताना सरासरी उपयोगाची नसते, तसं झाडालाही. वर्षाचा पाऊस भरपूर आहे एवढं पाहून भागत नाही, तो कधी पडतो ते पाहावं लागतं.

मग पाचगणी. इथे मला जॉन चेसन नावाच्या माणसाबद्दल खरंच आदर वाटतो, त्याच्या साहेबीपणासकट. १८६० च्या दशकात त्याने पाचगणी वसवायला घेतली. माल्कम पेठेला तोवर पस्तीसेक वर्षं झाली होती, म्हणजे तिचा दोष सगळ्यांना अनुभवाने कळलेला होता. चेसनला हवी होती बारमाही जागा, निवृत्त होऊन राहता येईल अशी. म्हणजे त्याने प्रश्नच वेगळा घेतला, आणि प्रश्न बदलताच नकाशावरचं बोट पश्चिम कड्यावरून उठून पूर्वेकडे सरकलं. सूर्यास्ताचं दृश्य गेलं, पण पावसाचा दोन तृतीयांश भागही गेला. दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांच्या मधली जागा. मागे टेबल लँडचं जांभ्याचं सपाट पठार, खाली कृष्णेचं खोरं. त्याने सिल्व्हर ओकसारखी बाहेरची झाडं लावली, ती अजून रस्त्याकडेला आहेत. (माझ्या दगडफुलांना सिल्व्हर ओकची साल चालते का, हा एक वेगळा लेख होईल.) पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते दुसरं. त्याने शिंपी, धोबी, खाटीक, भाजीवाले, घरं बांधणारे अशा लोकांना तिथे येऊन राहायला उद्युक्त केलं, आणि बाजाराखाली त्यांच्यासाठी जागा दिली. बंगला कुठेही बांधता येतो. पण ऑगस्टमध्ये धोबी नसेल आणि भाजी मिळत नसेल, तर ते राहण्याचं ठिकाण होत नाही. फील्डवर्कला जाणाऱ्यांनी हे लिहून ठेवा.

बारमाही असल्यामुळेच पाचगणीत पुढे ज्या संस्था आल्या त्या महाबळेश्वरला येऊ शकल्या नसत्या. निवासी शाळा घ्या. शाळा जून-जुलैत बंद ठेवून कशी चालेल? क्षयरोग्यांचं आरोग्यधाम घ्या. १९१२ मध्ये डॉ. रुस्तम बिलिमोरिया यांनी पाचगणीला क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम सुरू केलं. क्षयावर तेव्हा औषध नव्हतं. कोरडी थंड हवा, दूध-अंडी आणि विश्रांती हाच उपचार, आणि तो महिनोन्‌महिने चालायचा. जून लागला म्हणून रोग्याला डोलीत घालून खाली नेता येत नाही. माल्कमच्या वेळची हवापालट आणि बिलिमोरियांच्या वेळची हवापालट यांत डॉक्टरी समजूत पार बदलली होती. जंतूंचा शोध लागून गेला होता, आणि तरीही लोक हवेसाठी डोंगरच चढत होते. फक्त आता आठवड्यांऐवजी वर्षाच्या हिशेबाने जागा शोधत होते.

एक छोटं उदाहरण देते, ते मला स्वतः सापडलं म्हणून जास्त आवडतं. गांधीजींच्या समग्र वाङ्मयात प्रत्येक पत्राच्या माथ्यावर गाव आणि तारीख असते. १९४४ च्या मे महिन्यात आगाखान पॅलेसमधून सुटल्यावर, तब्येत खालावलेली असताना, त्यांचा जुलैचा मुक्काम पाचगणीला आहे. पुढच्या वर्षी, १९४५ मध्ये, एप्रिलच्या शेवटापासून मे महिनाभर पत्रं महाबळेश्वरहून आहेत, आणि जून लागताच पत्त्यावर पाचगणी. त्या पत्रांतला मजकूर राजकारणाचा, प्रकृतीचा, आश्रमाचा. पावसावर कुणी प्रबंध लिहिलेला नाही. पण नुसते पत्ते ओळीने मांडले तरी डोंगराचं वेळापत्रक दिसतं. तुमच्या विषयाची माहिती तुमच्या विषयाच्या पुस्तकातच असेल असं नाही, ती कधीकधी पत्राच्या उजव्या कोपऱ्यात असते.

आता जी गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकली तिच्याकडे येते. या सगळ्या कहाणीत डोंगर 'सापडला' असं म्हटलं जातं. लॉडविकला सापडला, माथेरान १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांना सापडलं. पण लॉडविक चढला त्याच्या कितीतरी आधीपासून क्षेत्र महाबळेश्वर आहे, पंचगंगेचं देऊळ आहे, यात्रेकरूंची वाट आहे. खाली जावळीचं खोरं शिवाजी महाराजांनी १६५६ मध्ये मोऱ्यांकडून घेतलं, प्रतापगड बांधला, १६५९ ला अफजलखानाचं प्रकरण तिथेच झालं. म्हणजे डोंगर भरलेला होता. कुणबी, कोळी, धनगर, आणि भट्ट्या लावून लोखंड गाळणारे धावड, हे सगळे तिथे बारा महिने राहत होते. पावसाळ्यासकट! त्यांनी जागा कशी निवडली होती?

याचं उत्तर द्यायला त्यांचं पुस्तक नाही. १८८५ च्या सातारा जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये हे लोक 'रहिवासी' म्हणून येतात, निवड करणारे म्हणून नाही. पण जुन्या वाड्या कुठे बसल्यात ते पाहा. उघड्या पश्चिम कड्यावर क्वचितच. उताराच्या पोटात, वाऱ्याला पाठ करून, झऱ्याच्या जवळ पण ओढ्याच्या वर. पावसाळ्याआधी लाकूडफाटा, धान्य, मीठ-मिरची, जनावरांचा चारा अशी चार महिन्यांची बेगमी. सूर्यास्त पाहायला मिळतो का, हा निकष त्यात नाही. माझ्या दरीकडे तोंड केलेल्या खिडकीपेक्षा हे शहाणपण कितीतरी जुनं आणि पक्कं होतं. फक्त ते तक्त्यात लिहिलेलं नव्हतं, म्हणून मी त्याला डेटा समजले नाही. धावडांच्या भट्ट्या पुढे जंगलाचे कायदे आले तशा विझल्या. कोळशाला लाकूडच मिळेना. म्हणजे राहायला कुठे, याच्याइतकंच जगायचं कशावर, हेही दुसऱ्याच कुणीतरी ठरवलं.

हे फक्त आपल्याकडचं नाही. व्हिएतनाममध्ये फ्रेंचांनी हेच केलं. प्लेगचा जंतू शोधणारा अलेक्झांद्र यर्सां १८९३ मध्ये लांगबियान पठारावर पोचला, आणि पुढे तिथे गोऱ्यांसाठी आरोग्यधाम वसवायचं ठरलं. तिथेही आधी पठारावरची दान्किया ही एक जागा धरली होती, मग मुक्काम हलून दालातला गेला. दालात या नावाचाच अर्थ लात लोकांचा ओढा. निदान नाव तरी राहिलं. डेन केनेडी यांचं 'द मॅजिक माउंटन्स' हे १९९६ चं पुस्तक भारतातल्या अशा सगळ्या थंड हवेच्या ठिकाणांवर आहे. विद्यापीठाच्या ग्रंथालयात मिळालं तर जरूर वाचा. सातारकर इतिहाससंशोधक द. ब. पारसनीस यांचं महाबळेश्वरवरचं १९१६ चं इंग्रजी पुस्तकही वाचा. दोन्ही शेजारी ठेवून वाचलं की एकाच डोंगराकडे किती वेगळ्या नजरेने पाहता येतं ते कळतं.

तुम्ही म्हणाल, सोलापूरचा यात काय संबंध? मलाही तसंच वाटत होतं. आपल्या उजनीत येणारं पाणी भीमेच्या घाटमाथ्यावर पडतं, एवढा संबंध मला ठाऊक होता. दुसरा संबंध मला एका एस.टी.त कळला. शेजारी बसलेल्या आजी मी महाबळेश्वरहून येतेय म्हटल्यावर विचारू लागल्या, "कोयनेला पानी किती हाय?" त्या कोयनेच्या. धरण झालं तेव्हा, १९६० च्या दशकात, खोऱ्यातली गावं उठली, आणि त्या विस्थापितांपैकी काहींचं पुनर्वसन आपल्या सोलापूर जिल्ह्यात झालं. वर्षाला हजारो मिलिमीटर पाऊस पाहिलेली माणसं सातशे मिलिमीटरच्या मुलखात. भात लावणाऱ्यांच्या हातात ज्वारीचं रान. आजी म्हणाल्या, पहिल्या वर्षी जून गेला, जुलै गेला, आणि त्यांच्या सासूबाई रोज अंगणात येऊन आभाळाकडे बघून विचारायच्या, इथला पाऊस कुठं ठेवलाय?

मी पर्जन्यछायेवर दोन वर्षं वाचत होते. त्या वाक्यासारखी व्याख्या मला कुठे भेटली नव्हती.

माल्कम आला, चेसन आला, मी गेले. आम्ही निवडलं, चुकलो, पुन्हा निवडलं. माझी चूक दोन महिन्यांचं भाडं आणि एका महिन्याचे नमुने एवढ्यात निभावली. कोयनेच्या लोकांना महाबळेश्वर की पाचगणी असं कुणी विचारलं नाही. आणि आता त्याच कोयनेच्या खोऱ्यात 'नवीन महाबळेश्वर' वसवायचा सरकारी प्रकल्प पुढे सरकतो आहे. जुनं महाबळेश्वर-पाचगणी २००१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झालं, तिथे बांधकामावर बंधनं आली, गर्दी तर मावेना, मग नवा डोंगर शोधा. माझं मत विचाराल तर, नकाशावर बोट ठेवण्याआधी या मंडळींनी एक अख्खा जुलै तिथे भाड्याच्या खोलीत काढावा. आणि उठून गेलेल्यांपैकी एखाद्या आजीला गाडीत शेजारी बसवून न्यावं.

माझं पुढे काय झालं ते सांगते, कारण काही जणांनी राहण्याच्या सोयीबद्दल विचारलं होतं. मी ऑगस्टमध्ये पाचगणीला बाजाराच्या खालच्या अंगाला खोली घेतली. खिडकीतून समोरच्या घराची भिंत दिसते, दरी-बिरी काही नाही. घेण्याआधी तीन प्रश्न विचारले. मागच्या जुलैत इथे कोण राहत होतं? कपडे कुठे वाळत घालता? किराणा पावसात किती दिवस बंद असतो? मालकीणबाई म्हणाल्या की कपडे त्या स्वयंपाकघरात चुलीवरच्या दोरीला घालतात, आणि हवं तर माझी पाकिटंही तिथे लटकवता येतील. आता माझी दगडफुलं त्यांच्या पापडांशेजारी वाळतात. दोन दिवसांत खडखडीत. एकदा त्यांनी चुकून एक पाकीट मसाल्यात टाकलं होतं, पण नमुना क्रमांक पाकिटावर होता आणि जागाही वहीत लिहिलेली होती, त्यामुळे पुन्हा जाऊन आणला. महाबळेश्वरला मी आठवड्यातून दोनदा पहाटेच्या एस.टी.ने जाते आणि अंधार पडायच्या आत परत येते.

एप्रिलमध्ये घेतलेल्या खोलीचे मालक अजून फोन करतात. दिवाळीनंतर येणार का, विचारतात. बहुधा जाईन. नोव्हेंबर ते मे ती खोली खरंच फार छान आहे.